पाचवीत गप्प झालेली मुलं: तुमच्या वर्गातले अनुभव सांगा

आपल्या गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेलं मूल पाचवीला हायस्कुलात येतं आणि बहुतेक ठिकाणी सगळं इंग्रजीतून सुरू होतं. प्राथमिक शाळेत पहिलं बोट वर करणारी मुलगी मागच्या बाकावर जाऊन बसते. मी सत्तरी तालुक्यात बारा वर्षं विज्ञान शिकवते आणि हे दर वर्षी बघते. अशा मुलांसाठी वर्गात काय केलंत, कशाने फरक पडला, ते लिहा. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी. सुरुवात मी करते.

सातवीत एक मुलगा होता. काहीही विचारलं की "टीचर, म्हाका कळना" एवढंच. चतुर्थीच्या आधी मी वर्गाला सांगितलं, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, जी रानफळं-पानं बांधतात त्यातलं मिळेल ते घेऊन या. हा भलीमोठी पिशवी घेऊन आला. त्याचे वडील रानातून माटोळीचं सामान आणून वाळपईच्या बाजारात विकतात, हे मला तेव्हा कळलं. बाकावर त्याने कवंडाळं, कांगलां, आंबाडे, सुपारीचं शिपटं मांडलं. कवंडाळाची वेल झाडावर कशी चढते विचारलं, तर बोटाला दोरा गुंडाळून दाखवत कोकणीतून दहा मिनिटं बोलला. दिसायला लालभडक, पण कडू, तोंडात घालायचं नाही, हेही बजावून सांगितलं. तो बोलत होता तसं मी फळ्यावर लिहीत गेले: क्लायंबर, टेंड्रिल, सीड. ते शब्द तो पुन्हा विसरला नाही. परीक्षेत फार मार्क पडले असं नाही, पण त्यानंतर तो प्रश्न विचारायला लागला.

फोंड्याहून, गणित शिक्षक
शाब्दिक उदाहरणं आली की माझा वर्ग अडायचा. आता आधी पाच मिनिटं जोडीने आपापल्या भाषेत उदाहरण एकमेकांना समजावायचं, मग वहीत इंग्रजीत मांडायचं. पूर्वी मी स्वतः प्रत्येक ओळीचं मराठी करून सांगत असे. तेव्हा मुलं इंग्रजी ओळ वाचायचीच नाहीत, माझ्या मराठीची वाट बघत बसायची.

पेडण्याहून, एक आई
माझ्या मुलाचा प्रश्न भाषेचा आहे असंच आम्ही दोन वर्षं धरून चाललो. घरी मी ओरडायचे, वर्गात शिक्षक त्याला 'आळशी' म्हणायचे. सातवीच्या वर्गशिक्षिकेने मला बोलावून त्याची मराठीची वही दाखवली. तिथेही तीच अक्षरं उलटसुलट. "हा इंग्रजीचा दोष नाही, तपासून घ्या," म्हणाल्या. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, निघाला. त्याच्या दाखल्यावर दहावीच्या परीक्षेत त्याला जादा वेळ मिळाला. पालकांना कळकळीने सांगते, तपासणी आणि दाखला यात महिने जातात. दहावीची वाट बघू नका, आठवीतच सुरू करा. आणि वही तपासताना मातृभाषेचीही बघा. मी ती कधी उघडलीच नव्हती.

सांगेहून, माजी विद्यार्थिनी
आमच्याकडे कच्च्या मुलांचे ज्यादा तास शाळा सुटल्यावर असायचे. बालरथ, म्हणजे शाळेची बस, सुटला की आमच्या वाड्यावर जायला दुसरी गाडी नाही, त्यामुळे ज्यांना तास हवा तीच मुलं आधी घरी जायची. सर रागावायचे, आम्ही टाळतो असं त्यांना वाटायचं. शेवटी एकीने रडत कारण सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सर मोठ्या सुट्टीत बसू लागले. भाजी-पाव खात खात आम्ही टेन्सेस शिकलो.

सत्तरीहून पुन्हा मी
सांगेच्या ताई, तुमचं वाचून आमच्या ज्यादा तासाची यादी काढली. न येणाऱ्या नऊ मुलांपैकी सात बालरथची. त्यांच्या आयांना मी गेल्याच महिन्यात बोलावून तक्रार केली होती. सोमवारी त्या सातजणांशी आधी बोलते, मग मोठ्या सुट्टीतली वेळ ठरवते.