मदत हवी आहे: मराठी प्रश्नावलीतली उलटी विधानं ठेवू की काढू?

एमए मानसशास्त्राचा प्रबंध करतेय. विषय: कॉलेजच्या मुलांची भावनिक बुद्धिमत्ता, नाती आणि जीवन-समाधान. समाधानासाठी डीनर यांची १९८५ ची पाच विधानांची मापनी घेतलीय, भावनिक बुद्धिमत्तेसाठी शुट यांची १९९८ ची ३३ विधानांची.

बहुतेक मुलं मराठी माध्यमातली, म्हणून भाषांतर केलं. मैत्रिणीकडून ते परत इंग्रजीत करून घेऊन ताडूनही पाहिलं. मग ३० जणांकडून भरून घेतलं. डीनरची नीट चालली (फक्त 'आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर' या विधानावर एकजण म्हणाला, "ताई, अजून जगलोच कुठे?"). घोळ दुसरीत आहे. ५, २८ आणि ३३ ही उलट्या गुणांची विधानं (म्हणजे 'सहमत' म्हटलं की गुण कमी) बाकीच्यांशी जुळतच नाहीत. गुण उलटे केलेत, दोनदा तपासलंय. 'मला कठीण जातं' याच्यापुढे 'असहमत' म्हणजे नक्की काय, इथेच मुलं अडखळतात, पेन हवेत थांबतं.

गाइड म्हणतात, काढून टाक. पण मग इतरांच्या निकालांशी तुलना कशी करू? मुख्य माहिती दोन आठवड्यांत गोळा करायचीय आणि विकतची मापनी परवडणार नाही.

कुणी शुट यांची मापनी मराठीत वापरलीय का? तिन्ही वाक्यं सुलटी करून पुन्हा चाचणी घ्यावी, की गाळून तसं प्रबंधात नमूद करावं?