ऑटिझम: थेरपिस्टचं ऐकू की सासूबाईंचं?

प्रश्न (मनीषनगर, नागपूर):
मुलगा चार वर्षांचा. मिक्सर लागला की कान दाबून जमिनीवर लोळतो. थेरपिस्ट म्हणतात, रडला म्हणून मोबाईल देऊ नका. सासूबाई म्हणतात, "लेकराले कायले रडवून राहिली?"

उत्तर १:
रडून मोबाईल मिळाला की पोरगं पुन्हा रडणारच, थेरपिस्टचं बरोबर. पण मिक्सरचं रडणं वेगळं. तो आवाज त्याला खरंच सहन होत नसेल. तिथे शिस्त नको. आधी सांगून लावा, नाहीतर तो बाहेर गेल्यावर. आणि रडण्याऐवजी मागायचं कसं, तेही शिकवा. माझी लेक चिवडा हवा असला की माझा हात डब्याकडे ओढायची. मग डब्याचा फोटो दिला. फोटो माझ्या हातात ठेवला की चिवडा लगेच. लगेच म्हणजे लगेच, फोनवर असाल तरी. सासूबाईंना एकदा सेशनला बसवा. आमचे सासरे बसले, आता तेच मला दटावतात!

उत्तर २:
यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं का? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे, थेरपीही ठराविक मर्यादेत बसते. पावत्या जपा.

प्रश्नकर्ती:
कार्ड नाही काढलं अजून. सासूबाई शनिवारी येतो म्हणाल्या, पण मोबाईलचं काही कबूल केलं नाही.