मिनपिनचं पिल्लू: थरथरते, भुंकते, चावते. सल्ला हवा आहे

गच्चीवरची_तुळस
नमस्कार मंडळी. आमच्याकडे (ठाणे, सातवा मजला) मिनिएचर पिन्शरचं (मिनपिन, छोट्या चणीची जात) पिल्लू आहे. मादी, नाव चिंगी, वय साधारण साडेतीन महिने. विकणाऱ्याने 'पॉकेट डॉबरमन' म्हणून दिली आणि आणली तेव्हा ती जेमतेम दीड महिन्याची होती.

कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, कशानेही थरथर कापते आणि लगेच कर्कश भुंकायला लागते. संध्याकाळी सातच्या सुमारास अंगात आल्यासारखी घरभर पळते, सलवारीला लटकते, मुलाच्या (सहावीत आहे) हाताला दात लावते. सासूबाई म्हणतात, दमवा म्हणजे झोपेल. म्हणून रोज संध्याकाळी बॉल फेकून फेकून आमचेच खांदे दुखायला लागलेत आणि ही उलट जास्तच चेकाळते. खाली न्यावं तर लिफ्टपाशी पाय रोवून बसते. सोसायटीतले एक काका म्हणाले, पेपरची गुंडाळी हाणा, घरात बॉस कोण ते कळू दे. एवढ्याशा जिवावर हात उचलवत नाही. त्यात गणपती महिन्यावर आलेत. अनुभवी लोकांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

भटकभवानी
वाचतेय. आमच्याकडे पग आहे, त्याला उठवायला ट्रेनर लागेल, त्यामुळे माझा काही उपयोग नाही. फोटो टाका पण.

निवांत_कोकणे
ताई, आधी एक सांगा, ती दिवसभरात झोपते किती? या वयाच्या पिल्लाला अठरा-वीस तास झोप लागते. सातव्या मजल्यावरच्या भरल्या घरात, शाळेतून आलेलं मूल, टीव्ही, बेल, कामवाल्या मावशी, या सगळ्यात तिला बारा तास तरी मिळते का, याची शंका आहे. संध्याकाळी सातचं ते 'अंगात येणं' बहुतेक वेळा झोप न झाल्याचं असतं. झोपेला आलेलं तान्हं मूल किरकिरतं तसंच. त्या वेळी बॉल फेकणं म्हणजे आगीत तेल. सारखं पळणं-पकडणं चालू राहिलं की अंगातली उत्तेजना वाढत जाते, आणि हळूहळू कुत्र्याला तेवढ्या धावपळीची सवय लागते.

मी असं सुचवेन. जागी झाली की शू-शी, खाणं, थोडा खेळ, सगळं मिळून तासाभरात आटपा आणि पुन्हा झोपायला पाठवा. झोपायची जागा स्वयंपाकघर आणि मुख्य दार दोन्हींपासून लांब. क्रेट (कुत्र्याचा झोपायचा पिंजरा) असेल तर तीन बाजूंनी जुनी चादर टाका, पण क्रेट शिक्षा म्हणून कधी वापरू नका. दार उघडं ठेवून आत खाऊ टाकत टाकत सवय लावा.

आणि दमवायचंच असेल तर नाक दमवा. जुना टॉवेल पसरा, तिच्या जेवणातलेच ड्राय फूडचे दाणे त्यावर टाका, गुंडाळी करा आणि द्या. दहा मिनिटं हुंगत बसेल. बिनसाखरेचं दही ताटलीत पातळ पसरून फ्रीझरमध्ये ठेवा, चाटायला द्या. हुंगणं, चाटणं, चावणं या तिन्हींनी कुत्रं शांत होतं. आता दात बदलायचे दिवस आलेत, हिरड्या शिवशिवत असणार, त्यामुळे गार गाजरही चालेल, फक्त कुणीतरी समोर बसा. मनुका, द्राक्षं, कांदा-लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेल्या शुगरफ्री गोळ्या मात्र तिच्या आसपाससुद्धा नकोत.

जुने_खोड
फार लाड चाललेत. आमच्या वाड्यात कुत्री होती, मान धरून एकदा जमिनीवर दाबलं की सुतासारखी सरळ. कळपात नेता एकच असतो.

निवांत_कोकणे
खोडसाहेब, ही कळपाच्या नेत्याची कल्पना रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाच्या १९४७ च्या लांडग्यांवरच्या निरीक्षणांतून आली. ते लांडगे बंदिवासातले होते, एकमेकांच्या नात्यातले नसलेले, जबरदस्तीने एकत्र ठेवलेले. जंगलातला कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. 'अल्फा' (कळपाचा म्होरक्या) शब्द लोकप्रिय करणाऱ्यांपैकी लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी पुढे स्वतःच १९९९ मध्ये लिहिलं की हा शब्द सोडा. आणि कुत्रा तर लांडगाही नाही. एवढ्याशा घाबरट पिल्लाला दाबून धरलं तर ते एवढंच शिकतं की हात आला की चावावं. वाड्यातली कुत्री दिवसभर मोकळी हिंडत होती आणि मनाला येईल तेव्हा झोपत होती, तेही धरा की हिशेबात.

डॉक्टर_शेपटी
मी पशुवैद्य आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगते.

आपल्याकडे २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. तरीही दीड महिन्याची पिल्लं सर्रास विकली जातात. आई-भावंडांत राहून किती जोराने चावायचं हे पिल्लू शिकतं. ते शिक्षण तुमच्या चिंगीचं अर्धवट राहिलंय. शिवाय तीन ते बारा-चौदा आठवडे हा जगाची ओळख करून घ्यायचा काळ असतो, तो तिचा घरातच सरला. आता काही होणार नाही असं नाही. मात्र घाई केलीत तर भीती पक्की होईल.

जातीबद्दलही थोडं. मिनपिन हा डॉबरमनचा छोटा अवतार नव्हेच. डॉबरमन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत तयार झाला, मिनपिन त्याच्याही आधीची. उंदीर-घुशी मारायला पाळायचे. कान टवकारून प्रत्येक खुसपुसाटावर धावणं हे त्यांच्या रक्तातच आहे, म्हणून बेलवर भुंकणं शून्यावर येईल ही अपेक्षा नको. कमी नक्की होईल.

गळ्यात पट्टा बांधून ओढू नका. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते, त्यामुळे छातीचा हार्नेस घ्या. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, गुडघ्याची वाटी सरकायचा त्रास या आकाराच्या कुत्र्यांत बराच दिसतो. दिवसाचं जेवण तीन-चार वेळांत विभागा. एवढ्या छोट्या पिल्लाची साखर उपाशीपोटी पटकन उतरते, आणि तीही थरथरूनच दिसते. थंडीनेही थरथरतात, अंगावर केस असतात कुठे? म्हणजे प्रत्येक थरथर भीतीची नाही. ती कधी आणि किती वेळ होते याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

पार्वो-डिस्टेंपर या रोगांच्या लसीचा शेवटचा डोस सोळा आठवडे झाल्यावर लागतो, आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. दोन्हींची तारीख तपासा. मुलाला दात लागून कातडी फाटली तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. 'घरचंच पिल्लू आहे' म्हणून सोडू नका.

गच्चीवरची_तुळस
बाप रे, केवढी माहिती! झोपेचा हिशेब मांडला, दहा तासही भरत नाहीत. टॉवेलची गुंडाळी सासूबाईंनीच करून दिली आणि आता त्या रोज नवीन जागी लपवतात. टॉवेल सासऱ्यांचा निघाला, तो भाग वेगळा.

लिफ्ट आणि गणपती यांचं काय करू? आमच्या रस्त्यावरून ढोल-ताशा पथक जातंच. आणि लिफ्टमध्ये कुत्रं आणू नका म्हणून सेक्रेटरींची चिठ्ठी आली आहे, तीही सांगते.

पावसाळी_छत्री
चिठ्ठीला शांतपणे उत्तर द्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रं पाळण्यावर किंवा लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही. खाली घाण झाली तर उचलायची पिशवी मात्र नेहमी जवळ असू द्या, सेक्रेटरींचं निम्मं भांडण तिथेच मिटतं.

लिफ्टचे तुकडे करा. आधी नुसतं घराच्या दाराबाहेर चटईवर बसून खाऊ. मग लिफ्टपासून चार पावलांवर. मग दार उघडतं-मिटतं ते लांबून बघणं. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, शाकाहारी घर असेल तर पनीर. ती खाऊ घेत असेल तर आपण योग्य अंतरावर आहोत. तोंड फिरवलं, जांभया द्यायला लागली, ओठ चाटायला लागली की जास्त जवळ गेलोय, मागे फिरा. कडेवर घेऊन गॅलरीत उभं राहून रस्ता दाखवणं हेही शिक्षणच आहे.

ढोलाचं आजपासून सुरू करा. मोबाइलवर ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग, आवाज इतका कमी की तिने नुसता कान हलवावा. आवाज सुरू की चिकन सुरू, आवाज बंद की चिकन बंद. क्रम हाच, उलटा नको. आठवडा-आठवड्याने एकेक घर आवाज वाढवा. कुकरच्या शिट्टीलाही हेच करा.

प्रत्यक्ष मिरवणुकीच्या दिवशी आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. पलंगाखाली शिरली तर ओढून काढू नका. तुमच्याजवळ आली तर खुशाल कुरवाळा, जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे.

डॉक्टर_शेपटी
वरच्याला जोडून: कुणाच्या सांगण्यावरून माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. काही औषधांनी कुत्रं नुसतं सुस्त पडतं, आत भीती तेवढीच राहते. खरोखर गरज असेल तर भीती कमी करणारी औषधं आहेत, पण त्यासाठी दिवाळीच्या आधी महिनाभर डॉक्टरांना भेटा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करून उपयोग नाही.

भटकभवानी
आणि ट्रेनर? फुकट सल्ल्याने सगळं जमेल असं नाही ना.

पावसाळी_छत्री
घ्यायचा तर फीच्या आधी एकच विचारा: कुत्र्याने सांगितलेलं केलं नाही तर तुम्ही काय करता? उत्तरात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), झटका, 'जरा कडक व्हावं लागतं' आलं की नमस्कार करा. 'आमच्याकडे महिनाभर सोडा, तयार करून देतो' यालाही नको म्हणा. शिकायचंय ते तुमच्या घरात, तुमच्या मिक्सरसमोर. चांगला ट्रेनर पहिल्या भेटीत कुत्र्यापेक्षा घरच्यांशीच जास्त बोलतो, आणि मुलालाही बसवून घेतो.

भटकभवानी
फोटो अजून आलेला नाही.