'यमुना'त यम आहे म्हणून अशुभ?

मुलीचं नाव यमुना ठेवायला घरच्यांची हरकत आहे, कारण नावात 'यम' आहे, असं एकांनी विचारलंय. पण इथला मूळ अर्थ मृत्यू नव्हे, जुळं ('यमल' त्यातलाच). यम-यमी ही सूर्याची जुळी मुलं आणि यमुना म्हणजेच यमी. भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतात ते या बहीणभावावरूनच, तेव्हा अशुभ कसलं?

एकेकाळी हे नाव आपल्याकडे अगदी घरोघरी. डॉ. आनंदीबाई जोशी (जन्म १८६५) माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही यमुनाच. लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायची रीत, त्यात अशा कितीतरी यमुना पुसल्या गेल्या.

खरी अडचण हाकेची आहे. 'यमी' म्हटलं की आज इंग्रजी 'यम्मी' ऐकू येतं, शाळेत चिडवणार. सुरुवातीपासून 'यमू' रुळवा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकच यू, डबल ओ नको. प्रत्यय लावताना नदीचं 'यमुनेला' होतं, मुलीच्या नावाचं मात्र हल्ली 'यमुनाला' करतात, दोन्ही चालतं.

तरीही घरचे अडले तर 'कालिंदी' घ्या. नदी तीच, कलिंद पर्वतावरून आलेलं नाव, आणि यमाचा उल्लेखही नाही. मला मात्र यमुनाच जास्त गोड वाटतं.