पावसाळ्यात लॅबला घरी अंघोळ : दोन दिवसांत पुन्हा वास येतो, काय करावं?

चिमणी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे लाडू नावाचा लॅब्रॅडॉर आहे. वय 2 वर्षं, वजन 34 किलो. तिसरा मजला, वन बीएचके, आणि बाथरूम एवढंसं की तो आत शिरला की दार लागत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर पाइप लावून अंघोळ घालायचो. पाऊस सुरू झाल्यापासून सगळं बाथरूममध्येच.

अडचण अशी की अंघोळीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा कुबट वास. मग पुन्हा अंघोळ. सध्या आठवड्यातून दोनदा चाललंय. बादलीचा आवाज आला की साहेब सोफ्याच्या मागे. ओढून न्यावं लागतं, आणि ओल्या फरशीवर पाय घसरले की आणखीनच बिथरतो. शांपू लहान मुलांचा वापरतो, सौम्य म्हणून. सासूबाई म्हणतात शेवटच्या बादलीत डेटॉल घाला, त्यांच्या माहेरी तसंच करायचे. शेजारच्या काकू कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी सुचवतायत.

मध्यंतरी एका ग्रूमरकडे नेलं होतं. तिथून आल्यापासून सारखा कान खाजवतोय, म्हणून आता घरीच घालायची ठरवलंय. किती दिवसांनी घालावी, कशाने घालावी, आणि या वासाचं काय करावं? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

भूभूची_आई

ताई, आठवड्यातून दोनदा फार होतं. लॅबच्या कातडीवर स्वतःचं तेल असतं, ते सारखं धुतलं की कातडी कोरडी पडते, खाज सुटते. महिन्यातून एकदा पुरते. पावसाळ्यात फार चिखल झाला तर तीन आठवड्यांनी.

माणसांचा शांपू बंद करा, मुलांचा असला तरी. आपली कातडी आम्लधर्मी, पीएच साधारण साडेपाच. कुत्र्यांची उदासीनच्या जवळपास. आपले शांपू आपल्या हिशोबाने बनवलेले असतात.

आता पद्धत. आधी कोरड्या अंगावर ब्रश. हे लोक टाळतात आणि तिथेच फसतं. लॅबला केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर गळत असतो, तो आधी काढला नाही तर ओला होऊन आत दाबून बसतो, पाणी धरून ठेवतो. बाल्कनीत बसवून पंधरा मिनिटं ब्रश करा, एवढे केस निघतील की दुसरा कुत्रा तयार होईल.

बाथरूममध्ये रबरी मॅट घाला. नसेल तर जुनी सतरंजी ओली करून अंथरा. पाय रोवले गेले की निम्मी भीती जाते. पाणी कोमट, हाताच्या मनगटाला गरम लागता कामा नये. बादल्या आधीच भरून ठेवा, नळाच्या धारेला बरेच कुत्रे घाबरतात. शांपू थेट अंगावर ओतायचा नाही, मगभर पाण्यात कालवून घ्यायचा, म्हणजे सगळीकडे पोचतो आणि निघतोही लवकर.

मानेपासून सुरुवात, मग पाठ, पोट, पाय, शेपूट. डोकं सगळ्यात शेवटी, तेही ओल्या फडक्याने पुसायचं. डोक्यावर पाणी पडलं की तो अंग झाडणार म्हणजे झाडणार, मग तुमचीही अंघोळ. कानात कापसाचे बोळे ठेवा, फार आत नाही, आणि नंतर आठवणीने काढा.

आणि धुताना वाटतं त्याच्या दुप्पट पाणी घाला. काखेत, जांघेत, बोटांच्या मध्ये शांपू राहतो. तोच नंतर खाजतो.

पेठेतला_चहाबाज

आमच्याकडे उलटं आहे. कुत्रा आनंदाने अंघोळ करतो, चिरंजीवांना ओढून न्यावं लागतं. (हलके घ्या.)

एक कामाची गोष्ट: नहाणीच्या जाळीवर स्टीलची बारीक गाळणी ठेवा. आमची लाइन लॅबच्या केसांनी तुंबली तेव्हा प्लंबरने आत तार घालून जे बाहेर काढलं ते बघून खालच्या मजल्यावरच्या वहिनी किंचाळल्या.

गावठी_झिंदाबाद

म्हणून गावठी पाळा. आमचा खंड्या पावसात भिजतो, अंग झाडतो, पंख्याखाली बसतो, विषय संपला. वर्षातून तीन-चारदा अंघोळ, तीही कशात तरी लोळून आला तर. वास नाही, गळती नाही, डॉक्टर नाही.

भूभूची_आई

@गावठी_झिंदाबाद, गावठीचे केस आखूड असतात म्हणून लवकर वाळतात, ते मान्य. पण धागा लॅबचा आहे. आता लाडूला बदलून आणायचं का?

कोकणी_खवट

आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळा म्हणजे गोचिडांचा सीझन. अंघोळ घालताना हाताने चाचपत जा : कानांच्या मागे, पाळीच्या घडीत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी. शेंगदाण्याएवढी फुगलेली लगेच कळते, तिळाएवढी असते ती निसटते.

सापडली तर चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ ओढायची, पिळायची नाही. मग स्पिरिटच्या बाटलीत. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल लावणं असले प्रकार नकोत.

आम्ही खोबरेल तेलात कापूर मिसळून लावतो, गोचीड जवळ येत नाही. कडुनिंबाचं पाणीही उत्तम.

परळची_पशुवैद्य

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, आता ठाणे जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. धागा वाचून राहवलं नाही.

कोकणी_खवट, गोचीड काढायची पद्धत अचूक सांगितलीत. कापराचं मात्र कृपया थांबवा. कुत्रा अंग चाटतो आणि कापूर पोटात गेला तर विषारी असतो, फिट येऊ शकते. टी ट्री ऑइललाही हाच नियम, "नैसर्गिक" लिहिलं असलं तरी. कडुनिंबाचं पाणी थंड करून वापरलं तर नुकसान नाही, पण त्याने गोचीड मरत नाहीत.

डेटॉल नको. त्यातलं रसायन कातडीला जाळतं, चाटल्यावर तोंड-घसा पोळतो. घरात मांजर असेल तर त्याहून वाईट, मांजरांना फिनॉल जातीची रसायनं पचवताच येत नाहीत. सासूबाईंना सांगा की डेटॉल फरशीला वापरलं तरी फरशी वाळेपर्यंत लाडूला बाहेरच ठेवायचं. गुरांच्या गोचिडांचं औषध बादलीत अंदाजाने टाकून कुत्र्याला धुणारेही माझ्याकडे येतात. गुरांचं औषध आणि कुत्र्याचं प्रमाण यांचा मेळ घरी बसून लागत नाही.

गोचिडांसाठी आता महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात, वजनावर ठरतात. अंघोळीने त्यांचा परिणाम जात नाही. फिट येणाऱ्या कुत्र्यांना देण्याआधी डॉक्टरांना सांगावं लागतं. मानेवर टाकायचे थेंब वापरत असाल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको, नाहीतर औषध नालीत.

आता मुख्य मुद्दा. चिमणीताई, अंघोळीनंतर दोन दिवसांत परत वास आणि वर कानाची खाज, हे अस्वच्छतेचं लक्षण वाटत नाही. आज एवढं करा : उजेडात बसवून दोन्ही कानांच्या पाळ्या उलट्या करा. आत लाल आहे का, तपकिरी मेणासारखं काही आहे का, आंबलेल्या इडलीच्या पिठासारखा वास येतो का? मग बोटांच्या बेचक्या आणि काखा बघा. काय दिसतं ते लिहा. कानात तेल, पाणी, इअरबड काहीही घालू नका.

नागपूरकर_संत्रं

आमच्याकडे पावसाळ्याचा त्रास नाही, उन्हाळ्याचा आहे. मे महिन्यात पारा 45 ला गेला की आमचा कुत्रा कूलरसमोरून हलत नाही. लोक म्हणतात केस भादरा, गार वाटेल. लॅबचे केस भादरू नका हो. ते उन्हापासूनही वाचवतात, आणि दोन थरांचे केस भादरले की नीट येतीलच याचा भरवसा नसतो.

अवांतर झालं, पण सांगायचं होतं.

चिमणी_डोंबिवली

सर्वांचे आभार. डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसं बघितलं. डावा कान ठीक. उजवा आतून लालभडक आणि तपकिरी घाण, वास अगदी तोच, आंबट. मला वाटत होतं अख्ख्या कुत्र्याला वास येतोय. पुढच्या पायांच्या बोटांमध्येही केस तांबूस झालेत. तो तिथे रात्री चाटत बसतो, आम्हाला वाटलं सवय.

परळची_पशुवैद्य

तांबूस रंग लाळेमुळे येतो, म्हणजे तिथेही खाज आहे. बहुतेक यीस्ट (एक प्रकारची बुरशी) असावं, पण ते लिहून ठरत नाही. उद्या जवळच्या डॉक्टरांकडे न्या, कापसाच्या काडीने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा म्हणा. कानाचा पडदा शाबूत आहे हे बघितल्याशिवाय कुठलेच थेंब घालायचे नसतात. मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. अंघोळीचं पाणी आत गेलं की त्या वळणावर साचतं. लॅबचे कान लोंबणारे, हवा लागत नाही, त्यात पावसाळ्याची दमट हवा. म्हणून बोळे.

सोलापुरी_चादर

प्रश्न आहे. आमचं पिल्लू दीड महिन्याचं आहे, शेणात लोळून आलं. लस अजून झालेली नाही. अंघोळ घालू?

भूभूची_आई

पूर्ण अंघोळ नको, फार लहान आहे, गारठेल. कोमट पाण्यात फडकं पिळून पुसा, लगेच कोरडं करून कुशीत घ्या. आणि लसीची तारीख आजच घ्या.

चिमणी_डोंबिवली

जाऊन आलो. डॉक्टरांनी नमुना तपासला, कानात आणि पायांना दोन्हीकडे यीस्ट निघालं. कानाचे थेंब दिलेत आणि क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा शांपू, आठवड्यातून दोनदा! म्हणजे मी घालत होते तेवढ्याच अंघोळी, फक्त आता चिठ्ठीवर. @भूभूची_आई, हसू नका.

शांपू लावून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा म्हणतात. दहा मिनिटं! हा दहा सेकंद उभा राहत नाही. शिवाय वाळवायचं कसं? टॉवेलने पुसते, वरून कोरडा वाटतो, सकाळी बसायच्या जागेवर ओल.

भूभूची_आई

हसत नाहीये, औषधाची अंघोळ वेगळी.

दहा मिनिटांसाठी : बाथरूमच्या टाइलवर, त्याच्या नाकाच्या उंचीला, घट्ट दही किंवा पीनट बटर पातळसर फासा. चाटत बसतो. पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) नाही ना ते वाचा, ते कुत्र्यांना विष. आमची तर आता टाइल दिसली की स्वतःहून आत जाते. सुरुवातीचे काही दिवस पाणी न घालता नुसतंच आत नेऊन खाऊ द्या. बादलीचा संबंध खाऊशी जुळला की ओढाओढ संपते. आणि मोबाइलवर गजर लावा, अंदाजाने दहा मिनिटं म्हणजे चारच होतात.

परळची_पशुवैद्य

वेळ आधी पायांना आणि पोटाला द्या, यीस्ट तिथे आहे. पाठीला शेवटी लावला तरी चालेल. अंघोळीनंतर तासभर पाय चाटू देऊ नका.

पेठेतला_चहाबाज

वाळवण्यावर माझा अभ्यास आहे. टर्किश टॉवेल नाही, पंचा. आईच्या जुन्या सुती साड्या तर सर्वोत्तम. घासायचं नाही, घासलं की केस गुंततात आणि ओल आत सरकते. कापड अंगावर ठेवून दोन्ही हातांनी दाबायचं, भिजलं की दुसरं घ्यायचं. लॅबला तीन-चार पंचे लागतात. मग पंखा फुल, आणि केस उलट्या दिशेने हाताने विंचरत राहायचं, म्हणजे आतल्या थराला वारा लागतो.

कोरडा झाला का हे वरून कळत नाही. काखेत आणि शेपटीच्या बुडाशी बोटं कातडीपर्यंत घाला. गार लागलं तर अजून ओला आहे.

कोकणी_खवट

हेअर ड्रायर?

पेठेतला_चहाबाज

चालतो, थंड किंवा अगदी कोमट हवेवर, हात लांब धरून, सतत हलवत. एका जागी धरला तर भाजतं. आवाजाला घाबरत असेल तर आधी दोन दिवस दुसऱ्या खोलीत नुसता चालू ठेवा. आणि अंघोळ सकाळी घाला. संध्याकाळी घातली की रात्रभर दमट राहतो. पावसात फिरून आला तरी हेच, अंघोळ नको पण पाय आणि पोट कोरडं करायचंच.

बाकी, कापूर बंद केला का काका?

कोकणी_खवट

केला. डबा देवघरात परत नेऊन ठेवला. बायको खूश आहे, आरतीला पुरत नव्हता म्हणाली.

सायली_गोवा

उशिरा आले. आमच्याकडे कुत्रा रोज समुद्रात जातो. खारं पाणी तसंच वाळू देऊ नये ना? आणि मांजरीलाही हेच सगळं लागू का?

परळची_पशुवैद्य

समुद्रातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, शांपूची गरज नाही. बोटांमधली वाळू काढा, आणि समुद्राचं पाणी पीत नाही ना ते बघा. कान कोरडे करा.

मांजरीला यातलं काहीही करू नका. ती स्वतःला स्वच्छ ठेवते. कुत्र्याचं गोचिडांचं औषध तर मांजरीला चुकूनही लावू नका, त्यातल्या काहींत असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरीच्या जिवावर बेततं. कुत्र्याला थेंब टाकले असतील तर वाळेपर्यंत दोघांना वेगळं झोपवा. बाकीसाठी नवीन धागा काढा, तिथे लिहिते.