जिम नाही, वजनं नाहीत, 12 ते 15 च्या पोरांची ताकद वाढवायची कशी?

नायगाव_कोच

नमस्कार मंडळी. नायगाव साइडला संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो. क्लब वगैरे मोठं काही नाही, चाळीतली आणि आजूबाजूच्या बिल्डिंगमधली वीसेक पोरं, 12 ते 15 वयाची, त्यात पाच-सहा मुली. मैदान म्हणजे अर्धंच मैदान, उरलेल्या अर्ध्यात टेनिस बॉल क्रिकेट, त्यांचा बॉल आमच्यात आणि आमचा त्यांच्यात.

पोरांचा टच चांगलाय, पासिंग बऱ्यापैकी, पण मॅचमध्ये समोरची टीम जरा थोराड असली की आमची नुसती बाजूला फेकली जातात. खांद्याला खांदा लागला की हा खाली आणि रेफरीकडे बघत बसणार, रेफरी म्हणतो चालू दे. शेवटच्या दहा मिनिटांत तर पायच उचलत नाहीत.

जिम परवडणारं नाही, आणि परवडलं तरी पालक पाठवणार नाहीत कारण "उंची खुंटते". एक बाबा त्याच्या उलट, 14 वर्षांच्या पोराला प्रोटीन पावडरचा डबा आणून दिलाय. माझ्याकडे आहे काय तर बॉल, कोन, एक जाड दोरी, मैदानाच्या कडेचा कट्टा आणि पलीकडे मनपाच्या बागेतलं ओपन जिम. आठवड्याला तीन प्रॅक्टिस, दीड-दीड तास. यूट्यूबवर जो तो वेगळं सांगतो. नक्की काय करून घेऊ आणि वेळ कुठून काढू?

---

स्टॉपर_बॅक

दादा, वेगळा वेळ काढायच्या फंदात पडूच नका, वॉर्मअपमध्येच घुसवा. तसाही आपल्याकडे वॉर्मअप म्हणजे दोन राउंड आणि हात गोल गोल फिरवणं, त्याने ना अंग गरम होतं ना ताकद येते.

फिफाचा 11+ नावाचा प्रोग्राम आहे, फुकट आहे, वीस मिनिटांचा. सुरुवातीला आठ मिनिटं हळू धावणं, मग दहा मिनिटं ताकद, उड्या आणि बॅलन्स, शेवटी दोन मिनिटं जोरात धावणं. सामान एक बॉल आणि सहा जोड्या कोन, संपलं. ताकदीच्या भागात प्लँक (कोपर आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरायचं), साइड प्लँक (तेच एका कुशीवर), नॉर्डिक (खाली सांगतो), एका पायावर उभं राहणं, स्क्वॉट आणि उड्या, आणि प्रत्येकाच्या तीन लेव्हल. हा 14 च्या पुढच्यांसाठी आहे, त्याखालच्यांसाठी 11+ किड्स वेगळा आहे, त्यात पडायचं कसं तेही शिकवतात, लोळण वगैरे. तुमच्याकडे दोन्ही वयं आहेत म्हणून दोन्ही बघून घ्या.

नॉर्डिकबद्दल जरा जास्त लिहितो कारण ते बहुतेक सगळीकडे चुकीचं करून घेतात. गोणपाट घडी करून गुडघ्याखाली, पोरगा गुडघ्यावर उभा, मागे दुसऱ्याने घोटे घट्ट दाबून धरायचे. मग गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं, जिथे धरवत नाही तिथे हात टेकून पडायचं आणि हातानेच ढकलून परत वर. पोरं काय करतात, कमरेत वाकतात, ढुंगण मागे जातं आणि छाती खाली येते, बघणाऱ्याला वाटतं किती खाली गेला, प्रत्यक्षात मांडीच्या मागच्या स्नायूवर काहीच आलं नाही. म्हणून बाजूला उभे राहून बघा, समोरून कळत नाही. सुरुवातीला 3 ते 5 वेळा बास. दुसऱ्या दिवशी मांडी मागून धरते, पोरांना आधीच सांगून ठेवा नाहीतर घरून फोन येतो.

आणि वजन नसलं म्हणजे अवघड करता येत नाही असं काही नाही. स्क्वॉट सोपा झाला की खाली जाताना तीन आकडे मोजायला लावा, मग मागचा पाय कट्ट्यावर ठेवून एका पायावर, मग दप्तरात पाण्याच्या बाटल्या घालून तेच. पुशअप जमत नसेल तर आधी कट्ट्यावर हात ठेवून, मग जमिनीवर, मग पाय कट्ट्यावर. ढिले पुशअप पन्नास मारणारा पोरगा मला दाखवायलासुद्धा नको, कडक आठ मारणारा द्या.

---

पीटी_मास्तर

वरचं सगळं बरोबर आहे पण 12-13 च्या पोरांना रोज प्लँक सांगितलात तर पंधरा दिवसांत निम्मी गायब होतील. मी मनपा शाळेत पीटी घेतो, माझा अनुभव सांगतो, खेळातून करून घ्या.

लंगडी! हसू नका. एका पायावर उड्या मारत, दिशा बदलत, वाकून समोरच्याला बाद करायचं, यात पोटरी, घोटा, कंबर सगळं येतं आणि फुटबॉलमध्ये किक मारताना दुसरं काय असतं, एक पाय जमिनीवर आणि अंग तोललेलं. फक्त दोन्ही पायांनी खेळायला लावा, नाहीतर प्रत्येकजण आपल्या लाडक्या पायावरच लंगडी घालतो आणि तो पाय बदलला की चौथ्या उडीला कोलमडतो. ते कोलमडणंच तुम्हाला दाखवतं कुठला पाय कच्चा आहे.

खांद्याला खांदा लागून पडतात म्हणालात, त्याला कबड्डी. पकड करताना बुड खाली, पाय फाकलेले, पाठ सरळ, हे पोरांना आपोआप कळतं. तुमच्याकडे दोरी आहे तर रस्सीखेच. आणि बॉलसकट करायचं तर दोघांच्या मध्ये बॉल ठेवा, खांदा खांद्याला लावून उभे करा, शिट्टी वाजली की बॉल आपल्याकडे घ्यायचा, हात वापरायचा नाही, दहा सेकंद. जो गुडघे वाकवतो तो जिंकतो, उंची कितीही असो. पडणारी पोरं बहुतेक ताठ उभी असतात, ताकदीचा प्रश्न त्यानंतरचा.

एक विनंती, बेडूकउड्या आणि उठाबशा शिक्षा म्हणून देऊ नका. उशिरा आला, मार वीस. मग तोच व्यायाम तुम्ही वॉर्मअपमध्ये सांगितला की पोरगा आधीच तोंड वाकडं करून बसलेला असतो. आपल्याकडे ही खोड फार जुनी आहे.

---

सायनचा_स्ट्रायकर

एवढं डोकं लावायची काय गरज आहे यार. चौपाटीवर न्या, वाळूत पळवा, नाहीतर बिल्डिंगचे जिने, सात माळे वर-खाली दहा वेळा. आमचे कोच हेच करायचे. 1956 ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाला हॅटट्रिक ठोकली, तेव्हा कुठे होतं हे लेव्हल एक लेव्हल दोन?

---

स्टॉपर_बॅक

@सायनचा_स्ट्रायकर नेव्हिल डिसोझा ग्रेटच, पण ते व्यायाम काय करायचे ते तुला माहीत आहे का? मग त्यांना कशाला मध्ये ओढतोस 😄

जिने चांगलेच आहेत पण वर जाताना. दोन-दोन पायऱ्या जोरात वर, खाली मात्र चालत, कठडा धरून. धावत खाली उतरण्यात गुडघ्याला मार बसतो आणि पावसाळ्यात चाळीच्या जिन्यावर ओल असते, एक घसरला तर तुमची प्रॅक्टिस कायमची बंद. वाळूचं म्हणशील तर कोरड्या भुसभुशीत वाळूत दहा-पंधरा मीटरच्या छोट्या स्प्रिंट मस्त, पण पहिल्याच दिवशी अर्धा तास पळवलं तर पोटऱ्या आणि टाचेच्या वरची शीर धरते. आणि अनवाणी असाल तर आधी काचा बघा, आपल्या चौपाट्यांवर काय काय सापडतं ते सांगायला नको.

---

फिजिओ_ताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशी पोरं रोज बघते, म्हणून दोन-तीन गोष्टी.

उंची खुंटते हे खरं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही स्पष्ट म्हटलंय की नीट शिकवून, लक्ष ठेवून केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ थांबत नाही. ही भीती आली कुठून तर हाडांच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो, कोणी नसताना झेपणार नाही असं वजन उचलून तिथे इजा झाल्याच्या केसेस असतात. पालकांना मी एवढंच विचारते की तुमचा मुलगा हेडरसाठी उडी मारून एका पायावर उतरतो तेव्हा त्या पायावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, ते चालतं, आणि स्वतःच्या वजनाचे दहा स्क्वॉट चालत नाहीत? बहुतेक जण मग गप्प होतात. आणि या वयात, विशेषतः मिसरूड फुटायच्या आधी, दंड फुगलेले दिसणार नाहीत, ताकद वाढते ती मेंदू आणि नसा स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात म्हणून. दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका.

दुसरं, वाढीचा झटका. मुलींचा साधारण 12 च्या आसपास, मुलांचा 14 च्या आसपास, अर्थात मागेपुढे होतं. त्या वर्षात मुलगा आठ-दहा सेंटिमीटर वाढतो, हाडं पुढे पळतात आणि स्नायू मागून येतात, म्हणून कालपर्यंत चपळ असलेला पोरगा अचानक वेंधळा वाटायला लागतो, बॉल पायात अडकतो. त्याला ओरडू नका. कट्ट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलने महिन्याला उंचीची खूण करा, ज्याची खूण भराभर वर सरकतेय त्याच्या उड्या आणि स्प्रिंट कमी करा, ताकद-बॅलन्स चालू ठेवा. गुडघ्याच्या वाटीच्या खाली टेंगूळ येऊन दुखणं किंवा टाच मागून दुखणं हे या वयात खूप कॉमन आहे. थोडं दुखत असेल तर लोड कमी करून बघा, लंगडत असेल किंवा रात्री दुखत असेल तर खेळ बंद आणि डॉक्टर. स्प्रे मारून मॅचला उतरवू नका प्लीज.

तिसरं, तुमच्या मुली. गुडघ्यातलं लिगामेंट तुटण्याचा धोका त्याच वयाच्या मुलांपेक्षा मुलींना जास्त असतो. कट्ट्यावरून, म्हणजे फूटभर उंचीवरूनच, खाली उडी मारायला लावा आणि मोबाइलवर समोरून शूट करा. उतरताना गुडघे एकमेकांकडे आत जातायत का बघा. जात असतील तर उड्यांची संख्या वाढवायची नाही, आवाज न करता मऊ उतरायला शिकवायचं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. वर 11+ चा उल्लेख आलाय, त्याचा 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास नॉर्वेतल्या 13 ते 17 वयाच्या 1892 मुलींवरच होता, एकूण दुखापती साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी निघाल्या. मुलींना "तुम्ही बाजूला स्ट्रेचिंग करा" म्हणणारे कोच मी पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

---

आखाडा_काका

जोर, बैठका, सूर्यनमस्कार. घरचं असताना बाहेरचं कशाला. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन मल्लखांबावरची लहान पोरं बघा एकदा, पकड आणि पोट काय असतं ते कळेल. बागेतल्या ओपन जिमची फिरती यंत्रं मोठ्या माणसांच्या मापाची, त्यावर पोरं नुसती झोके घेतात. तिथला बार मात्र वापरा. लटकायला लावा, मग हनुवटी वर नेऊन हळू खाली.

---

स्टॉपर_बॅक

काका जोर बेस्ट, खांदा आणि कंबर दोन्ही सुटते. बैठका मात्र शंभर-शंभर नको, मोजदाद वाढली की टाच उचलून गुडघ्यावर आपटायला लागतात. आणि हे सगळं दोन पायांवरचं झालं, एका पायावरचं वेगळं लागेलच.

---

गोलकीपरची_आई

खाण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा प्रॅक्टिसवरून येताना वडापाव आणि कोल्ड्रिंक, मग रात्री जेवण नाही. आता डब्यात उकडलेली दोन अंडी नाहीतर भिजवलेले चणे, शेंगदाण्याचा लाडू, केळं असं काहीतरी देते, प्रॅक्टिस संपल्या संपल्या खायला. घरी आल्यावर वरणभात-भाजी, जमेल तेव्हा बांगडा. पावडर-बिवडर आमच्या डॉक्टरांनी सरळ नको म्हणून सांगितलं, त्या पैशात महिन्याची अंडी येतात. आणि झोप! सकाळची शाळा, संध्याकाळी प्रॅक्टिस, मग क्लास, मग अकरापर्यंत मोबाइल. या वयात आठ तास तरी हवीच ना. कोच दादांनी सांगितलं तर ऐकतात, आमचं नाही ऐकत.

---

नायगाव_कोच

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी 11+ सुरुवातीला, मधल्या दिवशी लंगडी-कबड्डी आणि खांद्यावाला बॉल गेम, असं करतो. दोन शंका. पाऊस पडला की आमच्या मैदानात घोट्यापर्यंत चिखल होतो, तेव्हा नॉर्डिक आणि उड्यांचं काय करू? आणि जोड्या लावताना 12 वाला आणि 15 वाला एकत्र आले तर?

---

पीटी_मास्तर

चिखलात उड्या नको, घोटा जातो. त्या दिवशी चाळीच्या पॅसेजमध्ये किंवा मंडळाच्या शेडमध्ये प्लँक, पुशअप, नॉर्डिक उरकून घ्या आणि मग खुशाल चिखलात बॉल खेळू द्या, चिखलातून पाय उपसत पळणं हाही व्यायामच आहे. लादीवर धावणं आणि उड्या मात्र नको. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब मागून आणा, तो तशाच देतो. चिरून लांब पट्टी करा, खांबाला बांधा आणि ओढायला लावा, पाठीसाठी मस्त. फक्त आधी ताणून बघा, कुठे चिरलेली असेल तर सटकन तोंडावर येते.

---

फिजिओ_ताई

जोड्या वयावर नको, उंची-वजनावर लावा. एकाच इयत्तेतल्या दोन पोरांत वीस किलोचा फरक असतो. आणि नॉर्डिकमध्ये घोटे धरायला हलका पोरगा नको, समोरचा पुढे झुकला की धरणाराच उचलला जातो. दोघांना एकेक पाय धरायला द्या.