शब्दचर्चा : नॅनो, सूक्ष्म की अब्जांश?

प्रश्न, तासगावहून : आमच्या शेतकरी गटासाठी खतांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. बाटलीत येणाऱ्या द्रवरूप 'नॅनो युरिया'ला एकाने 'सूक्ष्म युरिया' सुचवलं, दुसऱ्याने 'अतिसूक्ष्म'. काय लिहू? की नॅनोच ठेवू?

उत्तर, पलूसहून : ताई, 'सूक्ष्म' अजिबात घेऊ नका. शेतीत तो शब्द आधीच गुंतलेला आहे. द्राक्षाच्या कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला की दुकानदार फेरस, म्हणजे लोहाचं खत, काढून देतो, ते सूक्ष्म अन्नद्रव्य. तिथे 'सूक्ष्म' म्हणजे पिकाला लागतंच थोडं; कण किती बारीक, याचा काही संबंध नाही. ठिबक आणि तुषार हे पुन्हा सूक्ष्म सिंचन. युरियात नत्र आहे आणि नत्र मुख्य अन्नद्रव्य. 'सूक्ष्म युरिया' छापलंत, तर लोक त्याला झिंक-बोरॉनच्या रांगेत बसवतील.

नॅनो मूळ ग्रीक, अर्थ बुटका. मापात एक अब्जांश. मीटरचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग नॅनोमीटर; माणसाचा केस साधारण 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी 1974 साली वापरला. आपला 'अब्जांश तंत्रज्ञान' मला फार नेमका वाटतो, कारण अब्जावर शून्यं नऊच.

पण निव्वळ बारीक एवढाच अर्थ धरला तर गाभा निसटतो. साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या टप्प्यात पदार्थाचे गुणच बदलतात. सोन्याचे एवढे बारीक कण पाण्यात असले की ते पाणी माणकासारखं लाल दिसतं. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहक पदार्थाचे असेच नॅनोकण; त्यांत पदार्थ तोच ठेवून कणाचा आकार बदलला की प्रकाशाचा रंग बदलतो; काही टीव्हींच्या पडद्यात हेच वापरतात. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव यांना याच कामासाठी मिळालं. आपल्या सांगलीच्या हळदीचंच बघा. तिच्यातलं पिवळं द्रव्य कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून पोटातून रक्तात फार थोडं जातं. त्याचे नॅनोकण केले तर शोषण वाढतं का, यावर बरीच वर्षं संशोधन चालू आहे.

मिरजेहून : दादा, अब्जांश बरोबर आहे, पण दुकानात कोण म्हणणार? इकडे 'दोन नॅनो द्या', 'उसाला नॅनो मारला' असंच चालतं. नॅनो म्हणजे गोणीचं काम करणारी बाटली, हा अर्थ पक्का झालाय.

पलूसहून : सर, बोलण्यात नॅनोच राहू द्या, तो शब्द आता आपलाच आहे. मला काळजी 'गोणीचं काम करणारी बाटली' या अर्थाची वाटते. 2021 मध्ये आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र 4 टक्के, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20 किलोच्या वर. फरक हजारपट. पानांतून नत्र चांगलं उचललं जातं हे खरं, पण एवढी तफावत त्यानं भरून निघेल हे मला पटत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगात नत्राच्या शिफारशीत कपात करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा गहू आणि भात दोन्हींचं उत्पादन घटलं. नंतरच्या बाटल्यांत नत्र वाढवलं आहे, तेव्हा लेबल वाचूनच घ्यावं.

म्हणून ताई, नाव 'नॅनो युरिया'च ठेवा आणि खाली एक ओळ द्या : 'अब्जांश आकाराच्या कणांचं द्रवरूप नत्रखत, फक्त पानांवर फवारण्यासाठी'. 'फक्त' ठळक करा. लोक ते ठिबकमधून सोडतात. लागणीच्या वेळचा खताचा डोस यामुळे कमी करायचा नाही, हेही लिहा.

तासगावहून : लिहिते दादा. नॅनो डीएपीलाही (डाय-अमोनियम फॉस्फेट) हीच ओळ चालेल?

पलूसहून : तिथे 'नत्रखत' नको, 'नत्र-स्फुरद खत' लिहा. त्यात नत्र 8 टक्के आणि स्फुरद (फॉस्फरस) 16 टक्के असतं. शिवाय ते बीजप्रक्रियेलाही वापरतात, म्हणून त्या ओळीतला 'फक्त' काढा.